ताप उतरला, पण लढाई संपली नव्हती



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण स्वतःच्या हृदयाचा लॉग वाचायची वेळ आली तेव्हा थोडा अभ्यास करावा लागला. आपल्यापैकी बरेच जण तिशी-चाळिशीतले, घरात डेकेअरला जाणारी मुलं, ऑफिसात सतत कसली ना कसली डेडलाइन आणि शनिवार-रविवारी बॅडमिंटन, क्रिकेट नाहीतर पळणं. म्हणून म्हटलं, जे कळलं ते लिहून काढावं. कुणाला तरी उपयोग होईल.

२०२२ चा मार्च महिना. आमच्या न्यू जर्सीत अजून थंडी होती. लेकीच्या डेकेअरमधून नेहमीचं पत्र आलं, वर्गात व्हायरस फिरतोय, काळजी घ्या. दोन दिवसांनी लेक तापली आणि तिच्यामागोमाग मी. घसा, अंगदुखी, थोडे जुलाब आणि १०२ ताप. कोविडची टेस्ट दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मी लॅपटॉप उघडला, कारण त्याच आठवड्यात आमचं रिलीज होतं. सांगलीहून आईचा फोन आला. "अरे, ताप गेला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. चार दिवस पडून राहा, मऊ भात आणि मेतकूट खा." मी "हो हो" म्हणून फोन ठेवला.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी पळायला गेलो. मे महिन्यात हाफ मॅरेथॉन होती आणि वेळापत्रकात त्या दिवशी आठ मैल लिहिले होते. पाचव्या मैलालाच दम लागला. अशक्तपणा असेल म्हणून नेट लावून आठ मैल पुरे केले. रात्री दोन वाजता छातीत कळ येऊन जाग आली. आडवं झालं की कळ वाढायची, पुढे वाकून बसलं की जरा कमी व्हायची. ॲसिडिटी समजून इनो घेतलं. अर्ध्या तासाने दुसरं पाकीट फोडताना बायकोने पाहिलं. तिने एक शब्द न बोलता शेजारच्या वहिनींना उठवलं, लेकीला त्यांच्याकडे दिलं आणि गाडी काढली.

इमर्जन्सीत ईसीजी बिघडलेला निघाला आणि रक्तात ट्रोपोनिन सापडलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. ते रक्तात दिसलं म्हणजे स्नायूच्या पेशींना इजा होते आहे. मी भारतीय पुरुष, वडिलांची बायपास झालेली, त्यामुळे सगळ्यांनी हार्ट अटॅकच धरला. माझं वय तेव्हा ३४. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ! मग एमआरआय झाला आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीत, बाहेरच्या बाजूला, सूज दिसली. निदान झालं मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. नेमका कुठला व्हायरस ते शेवटपर्यंत कळलं नाही. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ते कळत नाही, असं नंतर समजलं.

राउंडवर आलेल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी जे सांगितलं ते डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं असं, की व्हायरस बहुधा एव्हाना आटोक्यात आला असेल, आणि आता जे चाललंय त्यात मोठा वाटा तुमच्याच प्रतिकारयंत्रणेचा आहे. म्हणजे चोर पळाल्यावरही पोलीस घर फोडतच होते. हे कसं होतं? चार दिवस मॉनिटरच्या वायरी लावून पडलेल्या माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो.

हडसनकाठचं गाव

या आजारावरचं बरंचसं संशोधन एका व्हायरसभोवती फिरतं, कॉक्सॅकी बी-३. नाव वाचलं आणि मी चमकलो. आईबाबांना नायगारा दाखवायला नेताना आपण न्यूयॉर्क थ्रूवेने ऑल्बनीकडे जातो ना, तिथे वाटेत या नावाची पाटी लागते. हेच ते गाव. १९४७ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातले गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स पोलिओचा शोध घेत होते. या गावातल्या पोलिओसारखी लक्षणं असलेल्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांतून त्यांना एक वेगळाच व्हायरस मिळाला. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना तो टोचला की त्यांचे स्नायू लुळे पडत. १९४८ साली हे प्रसिद्ध झालं आणि गावाचं नाव व्हायरसला चिकटलं. पुढे या कुटुंबात अनेक भाईबंद सापडले. त्यांतले काही डेकेअरमध्ये हाता-पायांवर आणि तोंडात फोड आणतात, तर बी गटातले काही हृदयावर जातात.

कॉक्सॅकी हा एकच गुन्हेगार नव्हे. ॲडिनोव्हायरस, पार्व्होव्हायरस बी-१९, इन्फ्लुएन्झा, आपल्याकडचे डेंग्यू आणि चिकनगुनिया, आणि कोविडचा व्हायरस, या सगळ्यांनंतर हृदयाला सूज आलेली पाहिली गेली आहे. जगात दरवर्षी १ लाख लोकांमागे साधारण १० ते २२ जणांना मायोकार्डायटिस होतो असा अंदाज दिला जातो. त्यात तरुण पुरुष जास्त.

पहिला भाग: घुसखोरी

पेशीत शिरायला व्हायरसला दार लागतं. कॉक्सॅकी बी ज्या दारातून आत येतो ते प्रथिन १९९७ साली ओळखलं गेलं. गंमत म्हणजे ॲडिनोव्हायरसही तेच दार वापरतो. हृदयात हे प्रथिन असतं दोन स्नायूपेशींच्या सांध्यावर, जिथे एक पेशी दुसरीला धरून ठोका पुढे पाठवते. म्हणजे घुसायची जागा नेमकी मोक्याची.

आत शिरल्यावर व्हायरस स्वतःच्या प्रती काढतो आणि तोडफोडही करतो. त्याची एक कात्री, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, आपल्या पेशीतलं डिस्ट्रोफिन कापते, हे १९९९ साली दाखवलं गेलं. डिस्ट्रोफिन म्हणजे स्नायूपेशीला आतून आधार देणारा वासा. ज्या मुलांमध्ये हे प्रथिन जन्मतःच बनत नाही त्यांना ड्यूशेन नावाचा स्नायूंचा गंभीर आजार होतो. तेव्हा व्हायरस स्वतः काहीच करत नाही असं समजू नका. पहिले काही दिवस नुकसान त्याचंच.

दुसरा भाग: धोक्याची घंटा

आता आपली बाजू. आपल्या पेशींमध्ये घुसखोरी ओळखणारे सेन्सर असतात. व्हायरस स्वतःची प्रत काढताना दुहेरी धाग्याचा लांब आरएनए तयार होतो. असा आरएनए आपल्या पेशीत एरवी मोकळा पडलेला नसतो. तो दिसला की टीएलआर-३ आणि एमडीए-५ नावाचे सेन्सर पेटतात. यांतल्या टीएलआर घराण्याचा शोध माशीपासून लागला. १९९६ साली ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फ्रान्समध्ये दाखवलं, की टोल नावाच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांमध्ये तसाच सेन्सर शोधला. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं.

सेन्सर पेटला की पेशीच्या आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा अशी साखळी सुरू होते. तिचा शेवट दोन प्रकारच्या आदेशांत होतो. पहिला, इंटरफेरॉन बनवा. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सांगतं, व्हायरस आलाय, दारं लावून घ्या, उत्पादन बंद करा. दुसरा, सायटोकाइन सोडा. हे निरोप रक्तातून जातात आणि पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात.

ही घंटा हवीच. ज्या उंदरांमध्ये इंटरफेरॉनचा निरोप ऐकणारा रिसेप्टरच नाही, त्यांना कॉक्सॅकी टोचला तर ते थोड्याच दिवसांत मरतात. इथवर वाचून मला वाटलं, बरोबर आहे, अलार्म असावाच.

पण पुढचे प्रयोग वाचले आणि गोंधळलो. अशाच निरोपांच्या साखळीत एमवायडी-८८ नावाचा एक दुवा आहे. तो काढून टाकलेल्या उंदरांना २००५ साली हाच व्हायरस टोचला, तर ते जास्त मरायला हवेत ना? उलट ते जास्त जगले आणि त्यांच्या हृदयाला सूजही कमी आली. त्याआधी २००० साली टी पेशींमधला एलसीके नावाचा सिग्नल बंद केलेल्या उंदरांमध्ये तर हा हृदयरोग जवळजवळ झालाच नाही.

म्हणजे एक तार तोडली तर जीव जातो आणि दुसरी तोडली तर जीव वाचतो! आपल्या धंद्यातली मंडळी हे चटकन समजतील. रात्री एक सर्व्हर पडतो, त्याचा अलार्म योग्यच असतो. पण त्यावरून शंभर अलार्म वाजतात, प्रत्येक अलार्म आपली स्क्रिप्ट चालवतो, आणि सकाळी पाहावं तर मूळ बिघाडापेक्षा त्या स्क्रिप्टांनीच जास्त सर्व्हर पाडलेले असतात. फरक इतकाच, की सर्व्हर पुन्हा चालू करता येतो. हृदयाच्या स्नायूपेशी मोठ्या वयात जवळपास नव्या बनत नाहीत. गेलेल्या पेशीच्या जागी वण येतो. यकृताला सूज येऊन गेली तर ते बऱ्यापैकी भरून येतं. हृदयाला ती सोय नाही.

तिसरा भाग: आपलंच प्रथिन परकं वाटतं

साधारण आठवड्याभराने टी पेशी येतात, म्हणजे प्रशिक्षित सैनिक. माझी शनिवारची दौड नेमकी याच सुमारास होती. फुटलेल्या स्नायूपेशींतून हृदयाची प्रथिनं बाहेर सांडलेली असतात, आजूबाजूला धोक्याच्या निरोपांचा गोंगाट असतो, आणि काही टी पेशी त्या प्रथिनांनाच शत्रू समजतात. मुख्य बळी मायोसिन, म्हणजे ज्याच्या जोरावर हृदय आकुंचन पावतं ते प्रथिन. जॉन्स हॉपकिन्समध्ये नोएल रोझ यांच्या गटाने १९८७ साली दाखवलं, की कुठलाही व्हायरस न देता नुसतं हृदयाचं मायोसिन, प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या द्रव्याबरोबर टोचलं, तरी काही जातींच्या उंदरांना मायोकार्डायटिस होतो.

पण आपल्याच प्रथिनावर हल्ला करणाऱ्या टी पेशी मुळात बाहेर पडतातच कशा? टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांची परीक्षा होते. शरीरातल्या निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात आणि जी पेशी आपल्याच प्रथिनावर उडी घालते ती तिथेच मारली जाते. थोडक्यात, क्यूए विभाग. २०११ साली असं आढळलं, की उंदीर आणि माणूस या दोघांच्याही थायमसमध्ये परीक्षा घेणाऱ्या पेशी हृदयाच्या अल्फा मायोसिनचा नमुना दाखवतच नाहीत. टेस्ट केसच लिहिलेली नाही! त्यामुळे मायोसिनवर हल्ला करू शकणाऱ्या काही टी पेशी तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांच्या रक्तात फिरत असतात. एरवी त्या गप्प असतात. मायोसिन पेशीच्या आत बंद असतं आणि त्यांना भडकवणारं कुणी नसतं. व्हायरस या दोन्ही गोष्टी एकदम करतो. कुलूप फोडतो आणि गोंगाटही करवतो.

गप्प ठेवायला ब्रेकही असतात. तासुकू होन्जो यांच्या गटाने जपानमध्ये १९९२ साली पीडी-१ नावाचा जीन शोधला. तो टी पेशींचा ब्रेक निघाला. २००१ साली त्यांनी पाहिलं, की हा ब्रेक काढलेल्या एका जातीच्या उंदरांची हृदयं फुगून निकामी होतात. पुढे हाच ब्रेक सोडवणारी औषधं कॅन्सरवर आली, असंख्य लोकांना त्यांनी जीवदान दिलं, आणि २०१८ चं नोबेल होन्जो आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. पण २०१६ पासून डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं, की ही औषधं घेणाऱ्या थोड्या रुग्णांना अतिशय जोरदार मायोकार्डायटिस होतो. २०२२ साली उंदरांमध्ये दिसलं, की तिथेही टी पेशींचं लक्ष्य तेच होतं, अल्फा मायोसिन. व्हायरस कुठेच नाही, फक्त ब्रेक काढलेला, तरी हल्ला त्याच ठिकाणी.

मग प्रतिकारयंत्रणाच का दाबत नाहीत?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. स्टेरॉइड द्या आणि विषय संपवा, असा माझा भाबडा हिशेब. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे करून झालंय. अमेरिकेत १९९५ साली १११ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. अर्ध्यांपेक्षा जास्त लोकांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली होती, पण औषध न दिलेल्यांच्या तुलनेत ना हृदय जास्त सुधारलं, ना मृत्यू कमी झाले.

आता कारण लक्षात येतं. त्या रुग्णांत कुणाच्या हृदयात व्हायरस अजून जिवंत असणार, कुणाच्या नसणार. सगळ्यांना एकच औषध. ज्याच्या घरात चोर अजून आहे त्याच्याकडचे पोलीस काढून घेतले तर काय होणार? २००९ साली इटलीत वेगळा प्रयत्न झाला. जुनाट दाह असलेले, आणि हृदयाचा तुकडा तपासून व्हायरस नाही अशी खात्री केलेले ८५ रुग्ण निवडले. त्यांच्यात ज्यांना ही औषधं दिली त्यांतल्या बहुतेकांचं हृदय सुधारलं आणि ज्यांना दिली नाहीत त्यांतल्या बहुतेकांचं सुधारलं नाही. औषधं जवळपास तीच, फक्त रुग्ण पारखून घेतले होते. जायंट सेल नावाच्या दुर्मीळ आणि घातक प्रकारात तर ही औषधं लवकर सुरू करावीच लागतात. माझ्यासारख्या साध्या केसमध्ये मात्र लक्ष ठेवणं, हृदयावरचा भार कमी ठेवणं आणि वाट पाहणं, एवढंच.

लसीबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. कोविडच्या एमआरएनए लसीनंतर मायोकार्डायटिस होऊ शकतो, हे खरं आहे. तो दुर्मीळ आहे, मुख्यतः तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत दिसला आणि बहुतेक जण लवकर बरे झाले. एकंदर लोकसंख्येत कोविडच्या संसर्गानंतर हा दाह होण्याचं प्रमाण लसीनंतरच्यापेक्षा जास्त आढळलं. किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांत हा हिशेब तितका सरळ नाही, म्हणून काही देशांनी त्यांच्यासाठी लसीचा प्रकार किंवा दोन डोसांमधलं अंतर बदललं. २०२३ साली येलच्या संशोधकांनी अशा रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा हृदयाविरुद्धच्या अँटिबॉडी नव्हे, तर सायटोकाइनचा भडका दिसला. पुन्हा तोच गोंगाट. माझं स्वतःचं म्हणाल तर मी लस घेतली होती, आठ महिने आधी, आणि डॉक्टरांच्या मते माझ्या आजाराशी तिचा संबंध नव्हता.

आठ मैलांचा हिशेब

शेवटी माझ्या मूर्खपणाकडे येतो. १९७० साली एक प्रयोग झाला होता. कॉक्सॅकी बी-३ टोचलेल्या उंदरांना कोमट पाण्यात पोहायला लावलं. नुसते पिंजऱ्यात बसलेल्या उंदरांपेक्षा पोहणाऱ्यांच्या हृदयात व्हायरस कितीतरी जास्त वाढला, नुकसान जास्त झालं आणि मृत्यूही जास्त झाले. तरुण खेळाडूंच्या मैदानावरच्या अचानक मृत्यूंमागे जी ज्ञात कारणं आहेत त्यांत मायोकार्डायटिस एक आहे. सुजलेल्या स्नायूतून विजेचा ठोका नीट वाहत नाही, आणि जोरात पळताना तो वेडावाकडा फिरू शकतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पाचव्या मैलाला लागलेला दम आठवत होता, आणि त्यानंतर मी पळालेले तीन मैल.

मला सहा महिने पळणं, जिना धावत चढणं, वजन उचलणं, सगळं बंद होतं. लेकीला उचलून घेणंसुद्धा पहिले काही आठवडे नाही. तीन वर्षांच्या मुलीला ते समजावणं सगळ्यात अवघड गेलं. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. सूज गेलेली, एक लहानसा वण राहिलेला. हृदयाचा पंप नॉर्मल. मी नशीबवान. काही जणांचा दाह आतल्या आत चालूच राहतो आणि हृदय हळूहळू फुगून सैल पडतं. त्यांतल्या काहींना हृदयरोपणापर्यंत जावं लागतं.

तर मंडळी, एवढं लक्षात ठेवा:

ताप असताना आणि उतरल्यावर काही दिवस जोराचा व्यायाम नको. मॅच हुकली तर हुकू द्या.

व्हायरल आजारानंतर दोन-तीन आठवड्यांत छातीत दुखणं, नेहमीपेक्षा जास्त दम, धडधड किंवा चक्कर आली, तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका. सरळ ९११ फिरवा, आणि नुकताच ताप येऊन गेला होता हे आठवणीने सांगा. आम्ही रात्री अडीच वाजता स्वतः गाडी चालवत गेलो, तीही चूकच.

आणि एकदा हे निदान झालं, तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने पळायला सुरुवात करू नका. साधारण तीन ते सहा महिने विश्रांती सांगतात. त्यानंतर तपासण्या करून डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच.

मी अजून पळतो, पण आठवड्यातून तीनदा, तीन मैल, आणि घड्याळ न बघता. आईला खरं काय झालं ते घरी आल्यावर दोन दिवसांनी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "मेतकूट संपलं असेल तुझ्याकडचं. पाठवते."

जीवशास्त्र बारावीला सोडलं होतं, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं असेल तर सूचीवरच्या डॉक्टर मंडळींनी जरूर कान पकडावा. चूक भूल द्यावी घ्यावी.



— एक न्यू जर्सीकर